‘संस्थेने केले’ आणि ‘त्याला दिसले’ : ध्येयनिष्ठ उद्योगसंस्थांच्या यशाचे मापन

नफा हे व्यापारी संस्थेच्या यशाचे माप होय, हे विधान इतके रूढ आहे की त्याची चिकित्सा करण्याचे कारण सहसा पडत नाही. रुपया हे एकच एकक, वर्ष हा ठरलेला कालावधी आणि जमेतून खर्च वजा करण्याची सर्वांस ठाऊक असलेली रीत, यांमुळे कापडगिरणीचे व औषधाच्या कारखान्याचे यश एकाच पट्टीवर मांडता येते. परंतु मालाची किंवा सेवेची विक्री करून आपला खर्च भागविणाऱ्या काही संस्था अशा असतात की, त्यांच्या स्थापनेचा हेतू विक्री हा नसतो. अंधत्व घालविणे, गरिबास कर्जाची सोय करून देणे, स्त्रियांस घरबसल्या रोजगार मिळवून देणे यांसारखा काही तरी असतो. अशांच्या बाबतीत ही पट्टी अपुरी पडते. त्यांना प्रस्तुत लेखात ‘ध्येयनिष्ठ उद्योगसंस्था’ असे म्हटले आहे. ‘सामाजिक उद्योग’ हा शब्द अलीकडे अधिक चालतो खरा. पण प्रत्येक उद्योग कोणत्या ना कोणत्या अर्थाने सामाजिक असतोच, म्हणून तो शब्द मला फारसा पसंत नाही.

हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे ‘सेबी’ने, २०२२ साली आपल्या नियमांत दुरुस्त्या करून सामाजिक शेअर बाजाराची तरतूद केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या या विभागात बंगळूर येथील एका संस्थेच्या रोख्यांची पहिली नोंदणी झाली. या रोख्यांवर व्याज मिळावयाचे नाही आणि मुद्दलही परत यावयाचे नाही. पैसे घालणाराच्या हाती पडते ते एवढेच, की संस्थेने आपल्या कार्याच्या परिणामाचा अहवाल दर वर्षी सादर करावयाचा. येथे अहवाल हाच परतावा आहे. तो कोणत्या शब्दांत लिहिला जातो, याला त्यामुळे पैशाइतकेच महत्त्व आले आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालण्याचे समर्थन करावयाचे झाल्यास एवढे पुरे व्हावे.

अशा संस्थांचे वार्षिक अहवाल चाळले असता त्यांतील वाक्यांचा एक साचा ताबडतोब नजरेस येतो. ‘संस्थेने इतकी शिबिरे भरविली’, ‘संस्थेने इतक्या महिलांना कर्जे दिली’, ‘कार्यकर्त्यांनी इतक्या गावांना भेटी दिल्या’. ही सगळी तृतीयान्त कर्त्याची वाक्ये आहेत. त्यांतील क्रिया पूर्ण झालेली आहे, कर्ता संस्था आहे, आणि संख्या आहे ती त्या कर्त्याच्या कृतीची. पण ज्या हेतूने संस्था निघाली तो मराठीत सांगू गेल्यास वाक्य वेगळेच होते : ‘त्याला दिसू लागले’, ‘तिला परवडते’, ‘त्यांना वर्षभर पुरते’, ‘मुलाला वाचता येते’. येथे माणूस चतुर्थीत आहे. तो काही करीत नाही. त्याला काही घडते, जाणवते, जमते. अशा नामपदास आधुनिक भाषाशास्त्रात ‘अनुभवक’ म्हणतात, आणि त्याला चतुर्थीत ठेवणे हे दक्षिण आशियातील अनेक भाषांचे, मग त्या आर्यकुलातील असोत की द्राविडकुलातील, एक समान लक्षण मानले जाते.

यावर कोणी म्हणेल की, ‘महिलांना कर्जे दिली’ या वाक्यातही चतुर्थी आहेच. आहे, पण ती निराळी आहे. पाणिनीने संप्रदानाची मूळ व्याख्या देण्याच्या क्रियेवरून केली आणि लगेच पुढच्या सूत्रात रुचण्याच्या अर्थाचे धातू घेऊन ज्याला ती गोष्ट रुचते त्यासही संप्रदान म्हटले. एकास दिले जाते, दुसऱ्यास भावते. विभक्ती एक, पण वस्तुस्थिती दोन. संस्थांचे अहवाल बहुधा पहिल्या संप्रदानापाशी थांबतात आणि दुसऱ्याचे श्रेय घेतात. ‘लाभार्थी’ हा शब्द या घोटाळ्यास फार सोयीचा पडतो. व्युत्पत्तीने पाहता लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. शासकीय मराठीत मात्र ज्याचे नाव यादीत चढले तो लाभार्थी, मग लाभ होवो अथवा न होवो.

हा भेद शब्दच्छलाचा नाही, हे मोतीबिंदूच्या उदाहरणावरून चांगले दिसते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी (१९१८–२००६) यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराई येथे अकरा खाटांचे नेत्ररुग्णालय काढले. तेच आजचे अरविंद नेत्ररुग्णालय. पैसे देणाऱ्या रुग्णांकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर न देऊ शकणाऱ्यांची शस्त्रक्रिया करावयाची, दोघांसही शस्त्रक्रियेचा दर्जा एकच ठेवावयाचा, आणि हे साधण्यासाठी शस्त्रक्रियांची संख्या व शिस्त दोन्ही वाढवावयाची, ही त्याची पद्धती. या रुग्णालयाला शिल्लक पडते. ती पडली नाही तर विनामूल्य खाटा बंद कराव्या लागतील, म्हणून तेथे नफ्याकडे कोणी तुच्छतेने पाहत नाही. तो यंत्रातील वंगणासारखा मानला जातो. ध्येयवादी मंडळींत नफ्याविषयी जो एक सोवळेपणा कधी कधी आढळतो, त्यास हे उदाहरण चांगले उत्तर आहे.

योगायोगाने त्याच वर्षी, १९७६ मध्ये, भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचे यश पुष्कळ वर्षे शस्त्रक्रियांच्या संख्येने मोजले जाई. त्या काळची रूढ शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्यातील गढूळ झालेले भिंग समूळ काढून टाकणे. त्यानंतर रुग्णास जाड काचांचा चष्मा सतत लावावा लागे. तो फुटला, हरवला, किंवा मुळातच नंबर जुळला नाही, तर तो डोळा व्यवहारात पुन्हा आंधळाच. अहवालात मात्र ‘एक शस्त्रक्रिया’ ही नोंद कायम राही. ‘केली’ हे क्रियापद खरे होते. ‘दिसले’ हे खरे नव्हते. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला, त्यात डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविण्याच्या पद्धतीचा प्रसार झाला. त्यापूर्वीच, १९९२ मध्ये, अरविंदने अशी भिंगे स्वतः तयार करण्यासाठी ‘ऑरोलॅब’ हा कारखाना काढला होता, आणि आयात भिंगाच्या किमतीच्या अल्पांशात ती मिळू लागली होती.

नव्या पद्धतीचा फायदा कशात मोजावयाचा, हा प्रश्न मदुराईच्या संशोधकांपुढे होता. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्या सुमारे ३,४०० रुग्णांची त्यांनी यदृच्छेने दोन गटांत वाटणी केली. एका गटास जुनी शस्त्रक्रिया व चष्मा, दुसऱ्यास कृत्रिम भिंग. तपासणी केवळ तक्त्यावरील अक्षरांनी केली नाही. दैनंदिन व्यवहारात रुग्णास काय जमते आणि त्याला कसे वाटते यांसंबंधी एक प्रश्नावली त्यांनी बसविली. स्वतःची कामे, हिंडणे-फिरणे, लोकांत मिसळणे आणि मनाची अवस्था, असे तिचे चार भाग होते. तिच्यासंबंधीचे निबंध १९९७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. भिंग बसविलेल्यांचा गट या बाबतींत सरस ठरला. वैद्यकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष अपेक्षितच असेल. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, मोजण्याचे एकक शस्त्रक्रियेवरून हलवून रुग्णाच्या दिवसावर आणले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही शस्त्रक्रियेनंतर ६/६० पेक्षाही कमी दिसणाऱ्या डोळ्यांचे प्रमाण शेकडा ५ च्या आत राहावे, अशी मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा ‘दिसण्या’ची आहे, ‘करण्या’ची नव्हे.

एवढ्यावरही प्रश्न मिटत नाही. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांना दिसू लागले हे जरी दाखविता आले, तरी जे आलेच नाहीत त्यांचे काय? अरविंदची शिबिरे गर्दीने फुलत असत. पण दक्षिण भारतातील खेड्यांत जाऊन केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, डोळ्यांची तक्रार असलेल्या प्रौढांपैकी शेकडा सुमारे सातच शिबिरास गेले होते. उरलेल्यांनी सांगितलेली कारणे मननीय आहेत : भीती, खर्च, घरातील जबाबदारी, आणि ‘या वयात चालतेच आहे’ ही वृत्ती. शस्त्रक्रिया विनामूल्य होती, पण सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज विनामूल्य नव्हता. शिबिराच्या मांडवात उभे राहून मोजणाऱ्यास यांतले काहीच दिसले नसते, कारण मांडवात आलेला प्रत्येक जण आलेलाच असतो. गणिताच्या भाषेत बोलावयाचे तर अहवालात अंश होता, छेद नव्हता. हा छेद हाती आल्यावर संस्थेने २००४ पासून खेड्यांजवळ कायमची लहान दृष्टिकेंद्रे उघडण्यास आरंभ केला, आणि आज त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. मापनाने धोरण बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. आणि ते मापन संस्थेस गैरसोयीचे होते, हेही विसरता कामा नये.

याच्या उलट उदाहरण आंध्र प्रदेशातील सूक्ष्मकर्जांचे. गरीब स्त्रियांस तारणाशिवाय लहान कर्जे देणाऱ्या संस्था आपले यश दोन आकड्यांनी सांगत : कर्जदारांची संख्या आणि परतफेडीचे प्रमाण. हे प्रमाण शंभराच्या अगदी जवळ असे, आणि त्यावरून निष्कर्ष काढला जाई की, ज्या अर्थी ती हप्ता फेडते त्या अर्थी तिचा धंदा चालला आहे. ‘तिने कर्ज फेडले’ हे वाक्य दिसावयास आश्वासक आहे. यात एकदाची ती स्त्री स्वतःच तृतीयान्त कर्ता झाली आहे. पण व्याकरणात अपादान म्हणून आणखी एक कारक असते. पैसा कोठून आला? दुधाच्या विक्रीतून, की दुसऱ्या संस्थेकडून घेतलेल्या कर्जातून, की गळ्यातील डोरले मोडून? परतफेडीच्या आकड्यास हा पंचमीचा प्रश्न विचारताच येत नाही. एकाच घराला तीन-चार संस्थांनी कर्जे द्यावीत, एकीच्या पैशाने दुसरीचा हप्ता जावा, आणि सर्वांच्या वह्यांत परतफेड उत्तम दिसावी, असे घडू लागले. २०१० च्या ऑगस्टमध्ये या क्षेत्रातील एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले व त्यांना भरघोस मागणी झाली. त्याच सुमारास कर्जदारांच्या आत्महत्यांच्या आणि वसुलीतील जबरदस्तीच्या बातम्या येत होत्या, आणि ऑक्टोबरात राज्य सरकारने वटहुकूम काढून या कर्जांवर निर्बंध घातले. वसुली कोसळली. पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये आपला अहवाल दिला आणि या व्यवसायास नवे नियम लागू झाले.

येथे लबाडी सर्वांनी केली असे म्हणता येणार नाही. एखादा आकडा यशाची खूण म्हणून ठरला की माणसे त्या आकड्याच्या मागे लागतात आणि खूण व खुणावलेली वस्तू यांची फारकत होते. हे निरीक्षण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडले होते. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने बांधलेला असतो, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. तो परीक्षेच्या गुणांनाही लागू पडतो, हे प्राध्यापकांनी सांगावयास नको.

कर्जाने खरोखर काय झाले, हे पाहण्याची एक रीत हैदराबादेत अवलंबिली गेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर व सिंथिया किनन यांनी तेथील १०४ वस्त्या घेतल्या. त्यांपैकी यदृच्छेने निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मकर्जाची शाखा आधी उघडावयाची, उरलेल्यांत नंतर, अशी योजना होती. ही रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटू नये. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक असतो आणि अर्थ बदलतो, म्हणून क् आणि ग् हे मराठीत भिन्न स्वनिम ठरतात. न्यूनतम युग्माची ही कसोटी होय. दोन वस्त्या सर्व बाबतींत सरासरीने सारख्या, फरक एका शाखेचा. त्या फरकाने काही बदलते काय? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे उत्तर असे होते की, आधीपासून धंदा असलेल्या काही घरांनी त्यात अधिक पैसा घातला, पण एकूण खर्चमान, आरोग्य, मुलांचे शिक्षण किंवा स्त्रियांचा घरातील अधिकार यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. सूक्ष्मकर्ज निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या नावाने जी चतुर्थीची वाक्ये बोलली जात होती, त्यांपैकी बरीच निराधार होती, एवढेच सिद्ध झाले. मात्र या कसोटीलाही मर्यादा आहे. न्यूनतम युग्म फरक आहे किंवा नाही हे सांगते. तो का आहे हे सांगत नाही, आणि एका भाषेत लागलेला निकाल दुसरीत लागू पडेलच असे नसते.

आता मापनाच्या ज्या अंगाकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे वळू. माणसाला काय घडले हे जाणून घ्यावयाचे म्हणजे त्याला विचारावयाचे, आणि विचारावयाचे म्हणजे शब्द वापरावयाचे. प्रश्नावली बहुधा इंग्रजीत तयार होते, मग तिचे मराठी होते, आणि ती पाहणी करणाऱ्या तरुणाच्या हाती दिली जाते. ‘तुमच्यावर कर्ज आहे का?’ हा प्रश्न घ्या. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून हंगामापूर्वी जी रक्कम घेते तिला ते ‘उचल’ म्हणते. शेजाऱ्याकडून घेतले ते ‘उसने’ किंवा ‘हातउसने’. वाण्याकडे आहे ती ‘उधारी’. भिशीचा पैसा आधी उचलला आणि उरलेले महिने भरीत राहिले, तर तो व्यवहार कर्जाचाच असतो, पण त्याला कोणी कर्ज म्हणत नाही. ‘कर्ज’ म्हणजे बँकेचे, सोसायटीचे किंवा सावकाराचे. म्हणून ती बाई ‘नाही’ म्हणते आणि खरे बोलते. संस्थेच्या अहवालात मात्र एक कर्जमुक्त कुटुंब वाढते.

‘उत्पन्न’ या शब्दाची गत निराळी. शेतकऱ्याला वार्षिक उत्पन्न विचारले की तो एकरी किती पोती झाली ते सांगतो, कारण त्याच्या बोलीत उत्पन्न जमिनीचे असते. ‘मिळकत’ म्हणावे तर ती घरजमीन ठरते. बचतगटांच्या प्रसारानंतर ‘बचत’ या शब्दालाही नवा अर्थ चिकटला आहे. ‘बचत भरली का?’ म्हणजे गटाची ठरलेली वर्गणी दिली का. ती वर्गणी उसने घेऊन भरली असली तरी बचत ती बचतच. यामुळे ‘आपण बचत करता का?’ या प्रश्नाला मिळणारा होकार काटकसरीविषयी काही सांगतो, की गटाच्या सभासदत्वाविषयी, हे ठरविणे कठीण होते.

सर्वांत कठीण शब्द ‘काम’ हा. ‘ताई, तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर देणारी स्त्री पहाटे धारा काढून, खुरपणीला जाऊन, सरपण घेऊन आलेली असते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने २०१३ साली कामाची व्याख्या पुष्कळ व्यापक केली आणि स्वतःच्या घरासाठी केलेले उत्पादन व सेवा यांनाही तीत स्थान दिले; पण व्याख्या जिनिव्हाला बदलली म्हणून ओसरीवरचा शब्द बदलत नाही. भारत सरकारने २०१९ मध्ये जी कालविनियोगाची पहिली राष्ट्रीय पाहणी केली तिने ही अडचण चतुराईने टाळली. ‘काम करता का’ हे न विचारता पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत वेळ कसा गेला, ते क्रमाने विचारले. शब्दाचा अर्थ ठरविण्याचे ओझे उत्तर देणारीवरून काढून ते नोंद करणारावर टाकले, हा तिचा गुण.

विचारणारा कोण आहे, यावरही उत्तर अवलंबून असते. संस्थेचा ओळखपट्टा गळ्यात घातलेला मुलगा जेव्हा ‘आजी, आता दिसतं ना?’ असे विचारतो, तेव्हा ‘हो रे बाबा, तुमची कृपा’ याशिवाय दुसरे उत्तर देणे शिष्टाचारास सोडून होईल. हे उत्तर दृष्टीसंबंधी नाही. ते उपकाराची फेड आहे. त्याऐवजी ‘तांदूळ निवडता येतात का?’, ‘नात दारात उभी राहिली तर ओळखू येते का?’, ‘रात्री एकट्यानं परसात जाता येतं का?’ असे विचारले तर उत्तर बदलण्याचा संभव पुष्कळ. या प्रश्नांतही अनुभवक चतुर्थीतच आहे, पण क्रिया इतकी ठोस आहे की सौजन्याला वाव कमी राहतो. गरिबी मोजण्यासाठी छत कशाचे, चूल कोणती, घरात माणसे किती असे दहाच साधे प्रश्न विचारण्याची जी पद्धत काही सूक्ष्मकर्ज संस्थांनी स्वीकारली, तिचेही बळ हेच आहे. छत कशाचे ते विचारणाऱ्यास डोळ्यांनी दिसते.

सर्व परिणामांचे रुपयांत रूपांतर करून ‘एका रुपयाच्या गुंतवणुकीमागे समाजास इतक्या रुपयांचा लाभ’ असे एकच गुणोत्तर काढण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील एका निधीने प्रचारात आणली. बेकारास नोकरी मिळाल्याने सरकारचा जो खर्च वाचतो तो मोजण्यापुरती ती उपयुक्त आहे. आजीस नात ओळखू आली याची किंमत ठरवू लागल्यावर मात्र ती अनुवादाच्या त्या जातीत मोडते, ज्यात सर्व विभक्त्या काढून टाकून प्रथमाच ठेवलेली असते. असले गुणोत्तर मुखपृष्ठावर छापणाऱ्या अहवालाकडे मी तरी जरा सावधपणेच पाहतो.

कर्ता आणि संप्रदान एकच असतील तेथे हा प्रश्न बराच सोपा होतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला, आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. त्यांतूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये तिची नोंदणी झाली. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास स्त्रिया तिच्या सभासद आहेत. त्यांना कामगार म्हणत नाहीत. प्रत्येक जण ‘बहेन’ आणि प्रत्येक जण मालक. शाखेत भल्या पहाटे पीठ मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात, परत आणून देतात, आणि लाटल्याची मजुरी, जिला तेथे ‘वणाई’ म्हणतात, घेऊन जातात. संस्था दान स्वीकारीत नाही. येथे ‘बहिणीने पापड लाटले’ आणि ‘बहिणीला वणाई मिळाली’ ही एकाच व्यक्तीची दोन वाक्ये आहेत. नफा-तोटाही त्यांचाच. अशा संस्थेत नफा ध्येयापासून फारसा दूर जाऊ शकत नाही. पण छेदाचा प्रश्न तिलाही सुटत नाही. घरी पापड लाटावयाचे व वाळवावयाचे म्हणजे स्वच्छ जागा हवी, आणि जिला रोजगाराची निकड सर्वाधिक तिच्याच खोलीत ती नसण्याचा संभव. संस्थेने हे ओळखून अशा स्त्रियांना पीठ मळणे, पाकिटे भरणे यांसारखे शाखेतील काम देण्याची सोय ठेवली.

अखेरीस एक अवघड प्रकार उरतो : ज्या ध्येयाचा अनुभवक सापडतच नाही असा. रोग टळला, मूल दगावले नाही, या घटनांना अनुभवणारा कोण? ‘त्याला मरण आले नाही’ असे कोणी सांगत येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्याचा जो प्रयोग केला, तो उद्योगसंस्थेचा नसला तरी मापनाच्या दृष्टीने येथे उद्धृत करण्याजोगा आहे. प्रयोगाच्या ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया बाळंतिणीच्या घरी जात. तुलनेची ४७ गावे निराळी होती. दोन्हीकडील प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद होत असे. १९९५ ते १९९८ या काळात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. या निष्कर्षाचा सारा आधार त्या जन्ममृत्यूंच्या वहीवर आहे. संस्थेकडे आलेल्यांची यादी नव्हे, गावात जन्मलेल्या सर्वांची यादी.

अशी वही वर्षानुवर्षे ठेवणे लहान संस्थेस झेपणारे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु दर वर्षी एकच गाव किंवा एकच वस्ती घेऊन तेथील न आलेल्यांची यादी करणे, त्यांपैकी काहींच्या घरी संस्थेबाहेरच्या माणसाने जाऊन त्यांच्या बोलीतील शब्दांत चार प्रश्न विचारणे, आणि ती उत्तरे अहवालात आकड्यांच्या शेजारी छापणे, याला फारसा खर्च येत नाही. आपल्या विभागातील एम. ए. च्या विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी विषय हवे असतात. प्रश्नावलीतील ‘कर्ज’, ‘काम’, ‘उत्पन्न’ या शब्दांचे जिल्हावार अर्थ गोळा करण्याचे काम त्यांना सहज करता येईल, आणि ते अद्याप पुष्कळसे व्हावयाचे आहे.